दाराच्या फटीतली काडी

१६ एप्रिल, गुरुवार

खताच्या दुकानदारानं जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आज वापरायला काढली. फुकट का दिली हे अजून कळलेलं नाही. लिहायचं कारण एवढंच की मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, आणि स्वतःच्या आठवणीवर तर मुळीच नाही. वय अठ्ठावन्न. पाणी वापर संस्थेचा सचिव म्हणून सात वर्षं काढली ती डोळे उघडे ठेवून. आमच्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, तोंडापासून शेपटापर्यंत एकशे चाळीस खातेदार आहेत. उन्हाळ्यात पाण्यासाठी त्यातला कोण काय करील, सांगता येत नाही.

आजचा विषय कॉम्प्युटर. ऑफिसात एकच आहे, जुना. त्यातलं विंडोज म्हातारं झालंय, त्यावर इंटरनेट लावलं तर व्हायरस शिरेल, असं आमची ऑपरेटर दीक्षा दोन महिने सांगत होती. आज तिचा भाऊ नागसेन दौंडहून आला. त्याचं तिथं रिपेरिंगचं दुकान आहे. त्यानं त्याच डब्यात विंडोजच्या शेजारी लिनक्स म्हणून दुसरं काहीतरी बसवलं आणि चहा पिऊन गेला.

दीक्षानं मला समजावून सांगितलं. "आबा, चालू केला की अशी दोन नावं येत्यात. बाणाचं बटण दाबून जे पायजे ते घ्यायचं. पाणी अर्जाचं सॉफ्टवेअर विंडोजमधीच चालतंय, म्हणून ते ठेवलंय. इंटरनेट आन् प्रिंट सगळं लिनक्समधी. एका वेळी एकच चालतंय. दुसऱ्यात जायचं तर बंद करून परत चालू करायचा."

मी विचारलं, "एकातलं दुसऱ्याला दिसतं का?"

"लिनक्समधून विंडोजमधलं दिसतंय. विंडोजमधून लिनक्समधलं न्हाई दिसत."

म्हणजे एका खोलीला खिडकी आहे आणि दुसरीला नाही. शिवाय दहा सेकंदांत आपण काही निवडलं नाही तर कॉम्प्युटर आपलं आपणच वरचं नाव धरतो, आणि वरचं नाव लिनक्सचं आहे. ते वर कुणी ठेवलं? नागसेननं. का, ते बघायला हवं.

१८ एप्रिल, शनिवार

दीक्षाबद्दल थोडं लिहून ठेवतो. वस्तीवरच्या मच्छिंद्रची मुलगी, वय चोवीस, शिरूरच्या कॉलेजातून बी.कॉम. तीन वर्षं आमच्याकडे आहे आणि तीन वर्षांत तिच्या नोंदीत मला एकही चूक सापडलेली नाही. अशा माणसावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. मच्छिंद्रची दोन एकर अगदी चारीच्या शेपटाला आहे.

ऑफिसच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. आजपासून एक युक्ती सुरू केली. संध्याकाळी कुलूप लावलं की दाराच्या खालच्या फटीत काडेपेटीची एक काडी अडकवायची. दार उघडलं की ती पडणारच. सकाळी जागेवर दिसली की समजायचं, रात्रीतून कुणी आलं नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

२२ एप्रिल, बुधवार

सर्वसाधारण सभा. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी, एक जूनला सुटणार. पाळी नेहमी चारीच्या तोंडापासून सुरू होते आणि शेपटापर्यंत जाईस्तोवर पाणी संपतं, हे काही नवीन नाही. पण या वेळी मच्छिंद्र उभा राहिला.

"पंधरा वर्सं झाली. उन्हाळ्यात आमच्यापर्यंत पाणी आल्यालं न्हाई, नुसती वल येती. माझ्या दावणीला सहा गाया हायत. मका लावलाय अर्धा एकर. ह्या बारीला पाणी न्हाई घावलं तर गाया बाजार दाखवाव्या लागतील. आमी भीक मागत न्हाई. जो आधी अर्ज देईल त्याचा आधी नंबर लावा, मंग आमचं आमी बघतो."

शेपटाकडच्यांनी हात वर केले, मधल्यांनीही केले, आणि ठराव झाला. चार मेला सकाळी दहा ते पाच अर्ज घ्यायचे, कॉम्प्युटर जी वेळ नोंदवील त्याप्रमाणे नंबर लावायचा, आणि ऑफिसच्या वेळेबाहेरचा अर्ज बाद धरायचा. चेअरमन पोपटरावांची जमीन तोंडाला आहे, पहिली पाळी आजवर त्यांचीच. तरी ते हसून म्हणाले, "आपली काय हरकत न्हाई." माणसाचं मन मोठं आहे.

२७ एप्रिल, सोमवार

मी ऑफिसात पाऊल टाकलं की दीक्षा चालू काम सोडून कॉम्प्युटर बंद करते आणि पुन्हा चालू करते. गेल्या आठवड्यात तीनदा पाहिलं. आज विचारलंच.

"आबा, तुम्ही आल्या आल्या खातेदारांची यादी मागता. ती विंडोजमधी हाय. म्हणून बदलते."

उत्तर तयार होतं. ज्याचं उत्तर तयार असतं त्यानं प्रश्नाची वाट पाहिलेली असते.

आणखी एक. तिचं म्हणणं, कॉम्प्युटरचं घड्याळ अधूनमधून मागं पडतं, आतला सेल बदलावा लागेल. "नागसेनदादा बी म्हणला सेलच असंल. शंभरभर रुपये लागत्याल. तवर मी सकाळी हातानं नीट करत जाते." म्हटलं, बघू. कॉम्प्युटर भावानं उघडायचा, सेल भावाच्या दुकानातून आणायचा. सगळं घरच्या घरी.

४ मे, सोमवार

अर्जाचा दिवस. काडी जागच्या जागी होती. पावणेदहाला माझ्या हातानं कुलूप काढलं. पायरीवर शेपटाकडची अकरा माणसं भाकरी बांधून येऊन बसलेली, मच्छिंद्र सगळ्यात पुढे. दहा म्हटलं की माणसानं दहाला यावं, हे म्हणे सातपासून बसलेत. या लोकांना एक गोष्ट दिली की दुसरी आपोआप हक्काची वाटायला लागते. पायरीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या मात्र कुणी मारल्या नव्हत्या, मी पाहिलं.

दीक्षानं आधी लिनक्समध्ये कोरे फॉर्म छापले, मग बंद-चालू करून विंडोजमध्ये गेली. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा पहिला अर्ज घेतला, मच्छिंद्रचाच. बापाचा अर्ज पहिला घेताना जरा तरी संकोच वाटावा. पण रांगेत पहिला तोच होता, त्यामुळे बोलता येईना.

साडेदहाच्या आत चेअरमन आले. रांग आणि अर्ज देऊनही पायरीवरच थांबलेला मच्छिंद्र बघून म्हणाले, "काय मच्छिंद्र, रातीच मुक्कामाला आलता काय?" सगळे हसले, मच्छिंद्रही हसला. पोपटरावांचा अर्ज बारावा, अकराला दहा कमी असताना. त्यांचा घेण्याआधी दीक्षा म्हणाली, "अगंबाई, घड्याळ परत मागं पडलंय की," आणि तिनं काहीतरी दाबून ते नीट केलं. आत किती वाजलेले दिसत होते ते मला चष्म्याशिवाय दिसलं नाही. दिवसभरात एकूण शहाण्णव अर्ज आले.

घरी येऊन बायकोला, सीमाला, सांगितलं, अकरा जण सातपासून येऊन बसले होते. ती म्हणाली, "बिचारी." मी म्हटलं, यात बिचारं काय आहे?

१२ मे, मंगळवार

आज माझ्या अंगावर काटा आला.

नंबरांची यादी नोटीस बोर्डावर लावायची होती. दीक्षानं ती विंडोजमध्ये तयार केली, लिनक्समध्ये जाऊन छापली आणि मला दिली. मी सहीआधी प्रत्येक ओळ वाचतो. पहिला अर्ज मच्छिंद्रचा: वेळ पहाटे चार वाजून बेचाळीस मिनिटं. दुसरा चार पंचेचाळीस. असे अकराच्या अकरा, शेवटचा पाच दहाचा. बारावा पोपटरावांचा, दहा वाजून बावन्न.

पहाटे पावणेपाचला ऑफिसला कुलूप असतं. दुसरी किल्ली कुणाकडे असते, ते मी वर लिहिलंच आहे.

म्हणजे हिनं पहाटे येऊन वस्तीचे अकरा अर्ज आधीच घुसवले आणि दहाला पायरीवर जे चाललं होतं ते नाटक. भाकऱ्यासुद्धा नाटकातल्या. काडी जागेवर होती हे खरं आहे, पण काडीचं हिला कळलं असेल तर? परत लावायला कितीसा वेळ लागतो? माणूस खोटं बोलतो. मशीनला खोटं बोलून काय मिळणार?

यादी घेऊन सरळ पोपटरावांच्या घरी गेलो. त्यांनी दोनदा वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाले, "हौसराव, तुमच्यासारखा सचिव हाय म्हणून संस्था उभी हाय."

१४ मे, गुरुवार

चौकशी. आम्ही पाच संचालक-पदाधिकारी एका बाजूला, दीक्षा एका खुर्चीवर. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

ती म्हणाली, "घड्याळ चुकलंय. मी आबांना दोनदा सांगितलं हुतं, सेल बदलू म्हणून."

पोपटरावांनी कॉम्प्युटर तिथंच चालू करायला लावला. विंडोज उघडलं. घड्याळ बरोबर, मिनिटाचाही फरक नाही.

"काल सकाळीच मी नीट केलंय," ती म्हणाली.

"तुझं घड्याळ लई शानं हाय गं. तुझ्या बापाच्या अर्जाला बिघडतंय, माझ्या अर्जाला सुधारतंय, आन् चौकशीला तर एकदम फस्क्लास."

ती म्हणाली, "चेअरमनसाहेब, तुम्ही आला तवा माझं वडील पायरीवरच हुते. तुम्ही बोलला पण त्यांच्याशी."

"मी आलो तवा कोण बसलं हुतं आन् कोण न्हाई, माझ्या काय ध्यानात न्हाई."

मग ती माझ्याकडे वळली. "आबा, कुलूप तुम्ही काढलं. पायरीवर कोण हुतं, तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "पक्कं सांगता येत नाही."

हे खोटं नव्हतं. पक्कं काहीच सांगता येत नाही, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

निर्णय: अकरा अर्ज बाद. त्यांची पाळी सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे न मिळाल्यात जमा. दीक्षानं किल्ली देऊन घरी बसायचं. तीस मेला विशेष सभा, तिथं यावर शिक्का बसेल आणि दीक्षाला कायमचं काढायचं ठरेल. तोवर मी अहवाल लिहायचा.

१५ मे, शुक्रवार

दोन्ही किल्ल्या करदोट्याला बांधल्या आहेत. बायको म्हणाली, "अहो, त्या दिशी तुम्हीच तर सांगत हुता ना, अकरा जण येऊन बसले म्हणून? मग सांगता येत न्हाई कसं म्हणाला?"

हिच्या माहेरची जमीनही कुठल्याशा चारीच्या शेपटालाच आहे. हे लक्षात ठेवायला हवं.

१८ मे, सोमवार

कालपासून धोंड्याचा महिना लागला. रविवारी जावयाला बोलवायचं आहे. पण आधी अहवाल.

कॉम्प्युटर आज पहिल्यांदा एकट्यानं चालवला. दोन नावं आली, बाणाचं बटण सापडेपर्यंत दहा सेकंद संपले आणि तो लिनक्समध्ये गेला. म्हटलं, चला, सभेची नोटीस तरी छापू. छापली. मग बंद-चालू करून, बोट आधीच बटणावर ठेवून, विंडोजमध्ये गेलो आणि दीड तास बसून एका बोटानं अहवाल लिहिला. संपवून ठेवला तेव्हा मनगटावरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. हे घड्याळ लग्नातलं आहे आणि त्याला रोज किल्ली मी देतो, त्यामुळे त्याच्यावर माझा भरवसा आहे.

अहवालात लिहिलंय: "सदर अर्ज कार्यालय बंद असताना पहाटेच्या वेळी नोंदवल्याचे संगणकीय पुराव्यावरून सिद्ध होते." वाक्य चांगलं जमलं.

१९ मे, मंगळवार

अहवालातली एक वेलांटी सुधारायची म्हणून उघडायला गेलो, तर फाइलच्या नावापुढे लिहिलेलं: १८ मे, पहाटे ५:५०.

पहिला विचार, दीक्षा येऊन गेली. माझा अहवाल वाचायला! उठून दाराकडे गेलो. मग आठवलं की काडी सकाळी जागेवर होती आणि दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. कमरेला हात लावून पाहिलं. होत्या.

आणि काल पहाटे पाच पन्नासला तो अहवाल जन्मालाच आला नव्हता. तेव्हा मी गोठ्यात म्हशीखाली बसलो होतो. सीमाला फोन लावून विचारलं, मी काल पहाटे कुठे होतो? ती घाबरून म्हणाली, "गोठ्यात, आन् कुठं?"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. पहाटेचे साडेचार. बाहेर कडक ऊन आणि शाळेच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती.

२० मे, बुधवार

ऑफिसला आतून कडी लावून बसलो. कागद, पेन आणि मनगटी घड्याळ.

घड्याळ हातानं नीट केलं. बंद केला, परत विंडोजमध्ये गेलो: बरोबर. पुन्हा केलं: बरोबर. मग लिनक्समध्ये गेलो, काही न करता पाच मिनिटं थांबलो, विंडोजमध्ये परत आलो: साडेपाच तास मागे. नीट केलं. पुन्हा लिनक्स, पुन्हा विंडोज: साडेपाच तास मागे. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

सेल गेला असता तर घड्याळ वाटेल तेव्हा वाटेल तितकं मागं पडलं असतं. हे तसं नाही.

चार बेचाळीसमध्ये साडेपाच तास मिळवले की दहा बारा येतात. ही बेरीज मी चार वेळा केली. मग ही डायरी काढून चार मेचं पान उघडलं. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलंय, पहिला अर्ज दहा वाजून दहा मिनिटांनी.



२४ मे, रविवार

जावई आणि आमची मुलगी तेजश्री खुटबावहून आले. जावई सत्यजीत दौंडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, सगळं यथासांग झालं. या महिन्यात जावई म्हणजे देव, त्याला कामाचं विचारायचं नसतं. म्हणून मी आडून विचारलं, "आमच्या एका मित्राच्या कॉम्प्युटरात दोन-दोन प्रकार आहेत..."

सत्यजीतराव अनारसा खाता खाता म्हणाले, "आणि घड्याळ साडेपाच तास मागं पडतंय?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मामा, आत घड्याळ एकच असतंय. लिनक्स ते इंग्लंडच्या वेळंवर लावून ठेवतं आन् दाखवताना आपलं साडेपाच तास मिळवून दाखवतं. विंडोजला ते ठाऊकच नसतं. ते जसं आहे तसंच वाचतं. दोघंही आपल्या जागी बरोबर असत्यात. दोन्ही बसवली की एक सेटिंग बदलावी लागती, पुष्कळ जण विसरतात. तुमच्या मित्राचं काही नुकसान झालं का?"

"मित्राचं नाही झालं," मी म्हणालो.

२५ मे, सोमवार

पोपटरावांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हौसराव, झालं ते झालं. एक तारखेला पाणी सुटतंय. आता कशाला उकरताय?"

मी म्हणालो, "मी त्यांना दहाच्या आधी पायरीवर पाहिलंय. तुम्हीही पाहिलंत."

तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "चौकशीत तर म्हणाला, सांगता येत न्हाई. आता एकदम याद आली व्हय? शेपटाकडनं काय घावलं तुमाला?"

आजवर मी गावातल्या प्रत्येकावर संशय घेतला असेल, पण माझ्यावर कुणी घेतल्याचं आठवत नाही. कानशिलं तापली. काहीतरी सणसणीत बोलावंसं वाटलं आणि तोंडात शब्दच आला नाही. त्या खुर्चीवर बसून दीक्षा तेवढं तरी बोलली होती.

येताना मुद्दाम शेपटाकडून आलो. मच्छिंद्रच्या मक्याची पानं दुपारी सुरळी होऊन उभी होती. तो गोठ्यात होता. सहाच्या सहा गाया अजून आहेत. मी सायकल थांबवली नाही.

२८ मे, गुरुवार

ही डायरी पहिल्यापासून वाचून काढली. असं वाटलं की दुसऱ्याच कुणीतरी लिहिली आहे आणि तो माणूस मला आवडला नाही.

पण पुरावा हीच आहे. काडी, कुलूप, अकरा माणसं, पोपटरावांची थट्टा, दीक्षानं घड्याळाबद्दल सांगितलेलं, सगळं ज्या त्या दिवशी लिहिलेलं. कॉम्प्युटरवर करून दाखवीन, पण त्यावरही ते म्हणतील की ही नंतरची जादू. माझा शब्द मी चौदा तारखेलाच घालवून बसलो आहे.

चार मेचं पान तेवढं फाडून न्यावं, असं मनात आलं. पण फाडलेल्या पानावर कोण विश्वास ठेवील? मी स्वतः ठेवला नसता. न्यायची तर आख्खी डायरी न्यायची. आणि चार मेच्या पानावर 'या लोकांना' असं सुरू होणारं ते एक वाक्य आहे. खोडावं म्हणून पेन टेकवलं, तर खाडाखोड केलेला पुरावा दिसेल म्हणून उचललं. मग लक्षात आलं की खरं कारण वेगळं आहे. ते मी लिहिलंय, आता ते माझंच आहे.

सीमाला पहिल्यांदा काडीचं सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. तुमच्या खिशात रोज काडीपेटी, आन् तुम्ही विडी वढत न्हाई."

३० मे, शनिवार

समाजमंदिरात सभा झाली. उद्या नीट लिहीन असं म्हणत होतो, पण आत्ताच लिहितो.

अहवाल वाचायला उभा राहिलो आणि म्हणालो, अहवाल चुकीचा आहे, मीच चुकलो. कॉम्प्युटर तिथं आणवला होता. सगळ्यांसमोर लिनक्समधून विंडोजमध्ये जाऊन साडेपाच तास दाखवले. लोक पुढे सरकून बघत होते. पोपटराव म्हणाले, "ह्ये तुमी आज शिकून आला. त्या दिशी माणसं दहाला हुती ह्याचा पुरावा काय?"

मी पिशवीतून डायरी काढली.

"तुमचं लिवल्यालं तुमीच वाचणार? मनचं बी वाचाल. दुसऱ्याला द्या."

दोघातिघांनी हातात घेतली. माझं अक्षर कुणाला लागेना, हसायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, दीक्षा तीन वर्षं हेच अक्षर वाचतीय, तिला द्या. ती मागं भिंतीला टेकून उभी होती. पुढे आली. मी चार मेचं पान काढून दिलं.

ती वाचायला लागली. काडी जागच्या जागी होती. पावणेदहाला माझ्या हातानं कुलूप काढलं. अकरा माणसं भाकरी बांधून येऊन बसलेली. हे म्हणे सातपासून बसलेत. तिथं ती थांबली. डोळे एक ओळ खाली गेले. मला माहीत होतं ती ओळ कोणती. मी माझ्या पायांकडे बघत होतो.

मग ती पुढं वाचायला लागली, "पायरीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या मात्र कुणी मारल्या नव्हत्या." ते वाक्य तिनं गाळलं होतं. आवाज जराही हलला नाही. 'रातीच मुक्कामाला आलता काय' आलं तेव्हा लोक हसले, आणि हसता हसता एकेक जण पोपटरावांकडे बघायला लागला. पोपटरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

अकरा अर्ज कायम झाले. सोमवारी पहिली पाळी मच्छिंद्रची.

सभा सुटल्यावर पायरीवर दीक्षाला किल्ली दिली. तिनं घेतली नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, आबा. तुम्ही उघडत जावा, मी दहाला येत जाईन. म्हंजी कुणाला काय म्हणायला नको."

मी विचारलं, "ते वाक्य का गाळलंस?"

तिनं डायरी माझ्या हातात दिली. "माझं वडील म्होरच्याच रांगेत बसलं हुतं, आबा."

आणि ती गेली. मी चप्पल घालत होतो, तेवढ्यात मच्छिंद्र गर्दीतून वाट काढत आला. त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे तळवे खरखरीत आणि गरम होते.

"आबा," तो म्हणाला, "आमच्याबद्दल एवढं बारकाईनं लिवून ठिवलं तुमी. जन्मात इसरणार न्हाई."

डायरी माझ्या काखेत होती. मी ती घट्ट दाबून धरली आणि मान हलवली.